मागचे पाटे

माझ्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं फेब्रुवारीत, आणि तिच्या नवऱ्याने सप्टेंबरात इलाज सुरू केला तो गाडीवर.

मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. खिडकीतून व्हर्लिनचे बूट दिसत होते. बाकीचा माणूस पिकअपखाली. गाडी अठ्ठ्याहत्तर सालची, आमच्या वडिलांनी घेतलेली. पुढून अजून धड, पण मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या कमानदार पट्ट्या, ओझं वाहून वाहून सपाट झालेले, आणि डावीकडचे तर उलटे वाकलेले. हौद्यात गवत भरलं की तिचं बूड जमिनीला टेकायला बघायचं.

"डोरीन, तुझा नवरा गाडीखाली झोपलाय गं," मी म्हटलं.

"झोपला असता तर बरं झालं असतं," ती वॉकर ढकलत खिडकीशी आली. "मोजतोय तो. सकाळपासून चौथ्यांदा मोजतोय. गाडी काय तेवढ्यात वाढणार आहे?"

मी लव्हॉन, डोरीनची धाकटी बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले, नवरा गेला, आणि डोरीन पडल्यावर तिच्याकडे राहायला आले. आले ती चार आठवड्यांसाठी. कोण जाऊ देतंय!

डोरीन पडली ती चालत्या गाडीतून. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात गाईंना वैरण घालताना गाडी थांबवत नाहीत. सगळ्यात खालचा गिअर टाकायचा आणि सोडून द्यायची, ती म्हातारीसारखी आपली आपण सरकत राहते. मागे हौद्यात एकजण उभा राहून गवत ढकलतो, मागून गाईंची रांग. फाटक आलं की जो चालवतोय त्याने दार उघडून खाली उडी मारायची, पुढे पळून फाटक उघडायचं, गाडी आपणहून आत जाऊ द्यायची, फाटक लावायचं आणि पळत येऊन परत आत चढायचं. फाटक म्हणजे तारेचं जाळं आणि काठ्या. खांबाला मिठी मारून खांद्याने रेटल्याशिवाय कडी सुटत नाही. बर्फात भरलेली गाडी एकदा थांबली तर जागेवरून हलत नाही, असं आमचे वडील म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणतात. आणि खरं सांगायचं तर थांबवणाऱ्याला लोक हसतात. डोरीनने ही उडी लग्नाच्या आधीपासून मारली. फेब्रुवारीत बूट बर्फावरून सटकला आणि ती आडवी झाली.

व्हर्लिनने तिला उचलून सीटवर निजवलं आणि घराकडे गाडी वळवली. मधे पाण्याची चारी आहे. चारीत उतरून वर चढताना गाडीचं बूड मागच्या काठावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. अर्धी गाडी गवत त्याने हाताने खाली फेकलं तेव्हा कुठे ती सुटली. तेवढा वेळ माझी बहीण मोडलेला खुबा घेऊन सीटवर पडून होती. ओरडली नाही म्हणतात. मी असते तर खोरं डोक्यावर घेतलं असतं.

म्हणून पाटे. व्हर्लिनचं म्हणणं, बूड उंच असतं तर ती तासभर आधी इस्पितळात पोचली असती. त्याला कोणी नाही म्हणेना.

पण घरात खरा विषय वेगळा होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. जनेल, म्हणजे त्यांची मुलगी, बिलिंग्ज शहरात असते. ती दर रविवारी फोनवर सांगायची, आई, आता गाई विका. डोरीनने तिला एकदाच सांगून ठेवलं होतं. "ज्या हिवाळ्यात मला स्टेअरिंगवर बसता येणार नाही, त्या हिवाळ्यात गाई जातील. तोवर फोनवर हवापाण्याचं बोल."

गाई डोरीनच्या. त्यांच्या पाठीवरची डागलेली खूण आमच्या वडिलांची, आता तिच्या नावावर. व्हर्लिन एका उन्हाळ्यात गवत कापायला म्हणून आला आणि राहिला तो राहिलाच. घरजावई. हयातभर राबला, पण गावात अजून कोणी म्हणत नाही व्हर्लिनच्या गाई. टोपीखालून सगळं ऐकायचा आणि गप्प बसायचा. गडी ठेवावा म्हटलं तर या खोऱ्यात गडी मिळत नाही, मिळाला तर पहिल्या थंडीत पळतो. राहिले मी. माझी गाडी बिनक्लचची, मला तिसरा पेडल दिसला की घाम फुटतो.

डोरीन मात्र जिद्दीला पेटली होती. वॉकर गेला, काठी आली. लाकडं फोडायचा ओंडका आहे अंगणात, गाडीच्या पायरीएवढा उंच, त्यावर रोज सकाळी पाय ठेवून बघायची. आधी पाय वर जायचाच नाही. मग गेला. मग तिने ओंडक्यावर एक सव्वा इंची फळी ठेवली. मग दुसरी. तिसऱ्या फळीला तोंड पांढरं पडलं आणि ती मटकन खाली बसली.

"अडीच इंच," दुसऱ्या दिवशी न्याहारीला ती नवऱ्याला म्हणाली. "अडीच इंचाचे पाटे आण. त्याच्यावर माझा पाय जात नाही. बघितलंय मी."

"बघू," व्हर्लिन म्हणाला.

"बघू नाही. अडीच."

त्याने कॉफी संपवली आणि टोपी घातली.

गावात मी त्याला माझ्या गाडीतून नेलं, कारण पिकअपचा पाटे अडकवायचा शॅकल त्याने आधीच खोलून ठेवला होता. उतावळा नवरा! स्कारच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात शेगडीभोवती नेहमीचे चौघे बसले होते. त्यांना घरी बायका नाहीत असं नाही. बायकाच त्यांना सकाळी इकडे हाकलतात.

स्कारने तीन प्रकारचे पाटे काढून फरशीवर टाकले. एक तर जुन्याच जुडग्यात घालायचा जादा पाटा. तो स्वस्त, पण मोडक्या खाटेला नवा पाय लावल्यासारखं, असं तोच म्हणाला. दुसरे अडीच इंच उचलणारे. तिसरे चार इंचाचे, जाड, काळेभोर, कमान अशी की उन्हाळ्यात एखादं मांजर खाली बसेल.

"भरलेली असली तर चार इंचवाले छान," स्कार म्हणाला. "रिकामी असली की दात सांभाळ. गोठलेल्या ढेकळांवर तुला छताला नेऊन आपटतील."

"अडीचमध्ये चारी निघेल?" मी विचारलं. बायका बोलल्या की शेगडीपाशी सगळे कॉफीत बघायला लागतात.

"निघेल. जरा तिरकी घातली तर निघेल."

व्हर्लिन वाकून चार इंचांच्या पाट्यावरून हात फिरवत होता. "हे दे," तो म्हणाला.

"व्हर्लिन," मी म्हटलं.

"हे दे, स्कार."

शेगडीजवळून ओडेल ओरडला, "चार इंच? अरे, डोरीनसाठी शिडी पण घे की सोबत!"

सगळे हसले. व्हर्लिन हसला नाही. चिडलाही नाही. त्याने पाट्याचं एक टोक उचललं आणि मला दुसरं धरायला खूण केली. थट्टा लागली की माणूस एकतर हसतो नाहीतर शिवी देतो. हा नुसता घाईत होता.

पाटे बसवायला तीन दिवस गेले. पाटे आवळणारे यू-बोल्ट गंजून नटांशी एकजीव झालेले. त्यांवर तेल ओतायचं, वाट बघायची, पाना लावून लोंबकळायचं, मग घणाने ठोकायचं. सत्तरी उलटलेला माणूस, गारठ्यात पाठीवर पडून डोक्यावर घण कसा चालवणार? प्रत्येक घावाला गंज डोळ्यात पडायचा. मी बॅटरी धरून बसले होते.

"वर धर. वर. माझ्या तोंडावर नको."

"तोंड बघायची हौस नाही मला. नट तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालं निघाली. त्याने हात बघितला, पँटला पुसला आणि परत पाना लावला. उठायची वेळ आली की तो आधी कुशीवर व्हायचा, मग गुडघ्यावर, मग बंपर धरून थोडा वेळ तसाच. मी दुसरीकडे बघायचे. तो उभा राहिला की मी काही बोलायचे, म्हणजे मी बघितलं नाही असं दोघांना वाटावं.

शेवटी जॅक काढला आणि गाडी नव्या पाट्यांवर उभी राहिली. मागून उंच, नाक खाली. डोरीन काठी टेकत ओसरीवर आली.

"छान," ती म्हणाली. "लघवीला निघालेल्या मांजरीसारखी दिसतेय."

मग तिची नजर दाराखाली गेली. ड्रायव्हरच्या बाजूची लोखंडी पायरी तिथे नव्हती. तिचे दोन बोल्ट तेवढे चौकटीत राहिले होते.

"पायरी?"

"काढली. काठाला अडकते."

डोरीन आत गेली. संध्याकाळी तिने बटाटे वाढताना व्हर्लिनच्या ताटात मीठ घातलं नाही, आणि त्याने मागितलंही नाही.

बर्फ त्या वर्षी उशिरा पडला, पण पडला तो राहिला. पहिल्या वैरणीच्या सकाळी डोरीन चार वाजताच उठून तयार. लोकरीची विजार, वरून डांगरी, वडिलांची कानटोपी. मी तिच्या मागोमाग अंगणात गेले. गाडी धूर सोडत उभी होती, हौद्यात गवत रचलेलं, आणि भरलेली असूनही बूड ताठ.

तिने काठी बर्फात रोवली, दाराची मूठ धरली, पाय उचलला. बूट दाराच्या चौकटीला लागला आणि खाली आला. परत उचलला. दोन्ही हातांनी मांडी धरून वर ओढायला गेली तेव्हा धरायला हात उरला नाही, आणि ती मागे कलली. मी तिला मागून झेललं.

"मी ढकलते मागून," मी म्हटलं.

"गोणी आहे का मी?"

व्हर्लिन गाडीच्या पलीकडे उभा होता. हात खिशात. डोरीनने बॉनेटवरून त्याच्याकडे बघितलं.

"हे तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"चारीसाठी केलं."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

मग तो बोलला, गाडीकडे बघत. "तू पडलीस तेव्हा मी हौद्यावर होतो. मला तू दिसत नव्हतीस. मागचं चाक सरकत होतं आणि चाकाच्या पुढे तुझी टोपी दिसली. टोपीत तू आहेस की नाही ते कळेना. मी ओरडलो तर आवाजच निघेना." त्याने नाक पुसलं. "रोज दिसतं मला ते. कॉफी पिताना दिसतं. मला तू त्या सीटवर नको आहेस, डोरीन."

"मग हे मला सांगायचं ना!" ती कडाडली. "तोंड आहे ना तुला? मला सांगायचं ते गाडीला कशाला सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण भांडले तर असते तुझ्याशी."

ती काठी घेऊन घरात निघून गेली. मीही गेले.

त्या सकाळी व्हर्लिन एकटाच वैरण घालायला निघाला. फाटक आधीच पायी जाऊन उघडून आला, दोरीने स्टेअरिंग बांधलं, गिअर टाकला आणि उतरला. आम्ही दोघी खिडकीत. गाडी माळावरून आपली आपण सरकत होती, गाई हंबरत मागे. तो मागून हौद्यावर चढायला गेला. आता हौदा चार इंच वर होता, ही गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती! डोरीनच्या पायाचा हिशोब केला, स्वतःच्या गुडघ्याचा केला नाही. एक पाय बंपरवर, दुसरा वर जाईना. हात सुटला. तो फळीला लटकला, बूट बर्फातून फरफटत. शंभर पावलं तरी तसाच ओढला गेला असेल. मग पडला. गाडी पुढे गेली, कुंपणात घुसली आणि दोन खांब आडवे करून थांबली. गाई गाडीभोवती जमल्या आणि हौद्यातलं ओढून खायला लागल्या.

डोरीनने टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "ऊठ," ती काचेला म्हणत होती. "ऊठ, गाढवा. ऊठ."

तो उठला. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर. धरायला बंपर नव्हता, म्हणून मग मागे राहिलेल्या एका गाईला धरून.

तो घरात आला तेव्हा कोटाची बाही फाटलेली होती आणि कानाजवळ रक्त. डोरीन फोनवर बोलत होती. गाई विकत घेणाऱ्या दलालाशी.

"सगळ्या," ती म्हणाली. "हो, गाभण पण. सोमवारी ट्रक घेऊन ये." आणि फोन ठेवला.

व्हर्लिन दारातच उभा राहिला. त्याच्या बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळत होता आणि मला पुसायला उठवेना.

"तू म्हणालास मी सीटवर नको," डोरीन म्हणाली. "आणि मला तू चालत्या गाडीच्या मागे लटकलेला नको आहेस. मग उरलं कोण? गाईंना आपली आपण वैरण खायला शिकवू का?"

"सोमवारी," तो म्हणाला.

"सोमवारी. आज गुरुवार आहे. एक तर पाटे उतरव, नाहीतर गाई उतरव. मला कुठलंही चालेल. अजिबात चालणार नाही, पण चालेल."

तेवढं बोलून तिने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. व्हर्लिन तिच्यापर्यंत गेला नाही. त्याने टोपी घातली आणि मला म्हणाला, "लव्हॉन, बॅटरी घे."

पाटे बदलून आणायला आम्ही परत स्कारकडे गेलो. शेगडीपाशी चौघे होतेच. ओडेलने त्याचा कान बघितला, फाटकी बाही बघितली. "काय रे, शिडीवरून पडलास?"

"हो," व्हर्लिन म्हणाला. "मीच पडलो."

त्यावर कोणी हसलं नाही. स्कारने न विचारता अडीचवाले बाहेर काढले.

नवे नट निदान गंजलेले नव्हते. तरी थंडी अशी की पान्याला हात चिकटायचा. दोन दिवस तो गाडीखाली होता, आणि डोरीन एकदाही बाहेर आली नाही. रविवारी दुपारी त्याने पायरीही परत लावली. मग ओंडक्यावरच्या फळ्या आणून पायरीशी धरून उंची ताडून बघितली. मला ते करताना त्याचं तोंड बघवत नव्हतं.

सोमवारी उजाडताच डोरीन अंगणात आली. पायरीवर पाय ठेवला. मांडीखाली हात घालून दुसरा उचलला, दात ओठांत रुतवले, आणि चढली. व्हर्लिन मागे दोन्ही हात पसरून उभा होता, न लावता.

"हात खाली घे," ती म्हणाली. "गर्दी जमेल." मग मला म्हणाली, "तू पण चढ. दलाल आला तर बोलायला कोणीतरी लागेल." आत येऊन बसल्यावर मात्र म्हणाली, "सकाळीच फोन करून त्याला नको म्हटलंय मी. व्हर्लिनला इतक्यात सांगू नकोस."

चारीत तिने गाडी तिरकी घातली. मागे काहीतरी खरवडलं, पण गाडी निघाली. प्रत्येक ढेकळाला डोरीनचा श्वास अडकत होता. मी तिच्याकडे बघितलं की ती गाणं गुणगुणल्यासारखं करायची. गाणं बिणं काही नव्हतं.

फाटक आलं. व्हर्लिन हौद्यावर गवतात उभा होता. त्याने मागच्या काचेवर टकटक केलं, म्हणजे चालू दे, मी उडी मारतो.

डोरीनने क्लच दाबला, ब्रेक दाबला. भरलेली गाडी बर्फात उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या फाटकाशी मी गाडी थांबलेली पाहिली नव्हती.

"काय झालं?" मागून आवाज.

तिने काच खाली केली. "उतर आणि फाटक उघड."

"अगं, चालू दे ना! अडकेल. मी चालतीतूनच—"

"अडकली तर अडकली. थांबलेय मी. उतर."

हौद्याची फळी करकरली. तो उतरला, एकेक पाय, आणि गाडीला धरून पुढे आला. खांबाला मिठी मारून फाटक उघडलं. गाडी आत घेतल्यावर डोरीनने पुन्हा थांबवली. त्याने फाटक लावलं आणि मागे गेला.

मग वेळ लागायला लागला. बंपरवर बूट घासला, खाली आला. परत घासला. गाई जवळ येऊन हंबरायला लागल्या. मागे जोरजोरात श्वास चालला होता. चालत्या गाडीमागे हे कोणाला ऐकूच आलं नसतं, आणि किती वर्षं ऐकू आलं नाही कोण जाणे. मला राहवेना. मी मान वळवायला लागले.

"पुढे बघ, लव्हॉन," डोरीन म्हणाली. तिने हात वर करून आरसा छताकडे वळवला. तिचे डोळे भरून आले होते, आणि तीही पुढेच बघत होती.

आम्ही दोघी बसून राहिलो. शेवटी गाडी मागून जराशी दबली, गवतात पावलं वाजली, आणि टपावर हाताची थाप पडली. मगच तिने क्लच सोडला. चाकं एकदा जागेवर फिरली, मग गाडी निघाली.